दोन डब्यांचं मलम

झेनाइदेने दोन्ही डब्यांची झाकणं काढून ओट्यावर उलटी ठेवली, आणि पावाला लोणी लावायच्या सुरीने आधी आपल्या मुलीच्या डबीतलं मलम खरवडून काचेच्या बशीत काढलं. मग जासिराच्या मुलीच्या डबीतलं. बशीत दोन पांढरे ढीग झाले. रंग एक, वास एक, चकाकीही एकच.

“बघ,” ती म्हणाली. “सांग आता तुझं कुठलं.”

“सांगता आलं असतं तर इथे कशाला आले असते?”

जासिराच्या मांडीवर पाच महिन्यांचा बेन्तो दूध पीत होता. पिता पिता थांबून तो सुरीच्या चमकेकडे बघे, आणि कुणी आपलं पळवेल या धास्तीने पुन्हा तोंड लावी. खिडकीखाली अंगणात दोन्ही मुली उकिडव्या बसून काहीतरी उकरत होत्या. मोएमा जासिराची, पाच वर्षांची. तिच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या दोन बोटं खाली पांढरी पट्टी. रायानी झेनाइदेची, आठ वर्षांची. तिची पट्टी नडगीवर.

“तू बेडूक होणार,” रायानी सांगत होती. “आधी पाय हिरवे होतात.”

“मग तू पण होणार.”

“माझं पायाला लावतात. मी नुसती उड्या मारीन. तुझं तोंडच बेडकाचं होणार.”

“रायानी,” झेनाइदे खिडकीतून म्हणाली, “बेडूक निदान उन्हाळ्यात तरी गप्प बसतो.”

बेडकाची गोष्ट डॉक्टर आन्सेल्मोंनीच मुलींना सांगितली होती. कोकोच्या बागेत पानाखाली चिकटून बसणारा हिरवा झाडबेडूक गावात सगळ्यांनी पाहिलेला. त्याच्या कातडीच्या ओलाव्यात एक पेप्टाइड असतं, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो जखमेतल्या परजीवींच्या अंगाला भोकं पाडतो. आता बेडकाला हात न लावता तो तुकडा प्रयोगशाळेत बनवतात आणि मलमात घालतात.

गावात या दुखण्याला रानजखम म्हणत. संध्याकाळी बागेत पिवळट बारीक माशी चावते, महिन्याभराने तिथे फोड येतो, फोडाचा खळगा होतो, काठ उंच आणि मध्ये लाल. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि ती पसरत जाते. त्यावर इंजेक्शनं होती, रोज एक, वीस दिवस. जासिराच्या नवऱ्याने, जेनिवाल्दोने, दोन वर्षांपूर्वी ती घेतली होती. दहाव्या दिवसानंतर त्याचे सांधे असे धरले की सकाळी शर्टाची बटणं जासिरा लावून द्यायची.

मोएमाला ती इंजेक्शनं देता येणार नव्हती. तिच्या हृदयात जन्मापासून बारीक छिद्र होतं, आणि ते औषध हृदयावर जातं. मलम वरच्या वर राहतं, म्हणून डॉक्टर आन्सेल्मोंच्या या मलमाच्या प्रयोगात तिला घेतलं. सहा आठवडे मलम. गाल भरत आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर राजधानीच्या इस्पितळात तीन आठवडे राहून शिरेतून दुसरं औषध. सोबत आईने राहायचं, पण अंगावर पिणारं मूल वॉर्डात चालणार नाही, असं तिथल्या बाईने फोनवर दोनदा बजावलं होतं. आणि बेन्तो बाटलीला तोंड लावत नव्हता. चार तऱ्हेच्या बाटल्या आणून झाल्या होत्या. चारही त्याने जिभेने बाहेर ढकलल्या होत्या.

एवढ्यावरही जासिराने निभावलं असतं. पण प्रयोगाच्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. अर्ध्या डब्यांत औषध, अर्ध्यांत नुसतंच पांढरं मलम. कुणाच्या नंबरात काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ते लिहिलेली पाकिटं दूर शहरात कुलपात बंद. सही करताना हे तिला समजलं होतं. तेव्हा समजणं निराळं, आणि रोज सकाळी लेकीच्या गालावर बोट फिरवताना ते आठवणं निराळं.

“दोन आठवडे झाले,” झेनाइदे म्हणाली. “मी रोज फ्रिज उघडते, या दोघी शेजारी शेजारी बसलेल्या. एकतीस आणि चौतीस. मला म्हणतात, ओळख.”

“आणि मिसळल्यावर?”

“दोन्हीत औषध असेल तर काय बिघडलं? दोन्हीत नसेल तरी काय बिघडलं? पण एकीत असेल नि एकीत नसेल, तर दोघींना अर्धं अर्धं पोचेल.”

“अर्ध्याने बरं होतं का?”

“अर्ध्या पावाने मेलंय का कुणी?”

मोएमाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसमोर तिला हातांवर धरलं होतं ते झेनाइदेने. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्री म्हणत. मूल एकीचं आणि आया दोघी, असं ते नातं. त्यात मागायला लाजायचं नसतं, आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं. जासिराचा फ्रिज बिघडला तेव्हापासून तिचं दूध, मासे, आता हे मलम, सगळं झेनाइदेच्या घरी होतं. झेनाइदेच्या झाडाचा फणस कापला की अर्धा कुणी न सांगता जासिराच्या ओट्यावर येई. मलमाचंही तसंच करायचं, यात झेनाइदेला काही विशेष वाटत नव्हतं.

जासिराने मात्र खिडकीतून मोएमाच्या गालाकडे बघितलं. त्या सकाळीच, आरोग्य केंद्रात पट्टी सोडली तेव्हा, मोएमाच्या जखमेचा डावीकडचा काठ तिला जरा कोरडा भासला होता. नर्सबाई काही बोलल्या नव्हत्या. तिने स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. पण एकतीस नंबरातच औषध असेल तर? मग हे अर्धं देऊन टाकणं म्हणजे... तिने बेन्तोला उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. हा विचार आपल्या तोंडावर दिसत असेल असं तिला वाटलं.

“रायानीचं कसं आहे?” तिने विचारलं. “काही फरक?”

“कसला फरक. आहे तिथेच आहे.” झेनाइदे सुरी फडक्याला पुसत होती.

“पट्टी सोडून बघू या का?”

“सकाळीच नर्सबाईने मलम लावून बांधलीये. उद्या सकाळच्या आत सोडली तर पुढच्या गुरुवारी माझं डोकं खाईल ती. तू तुझं सांग, मिसळू की नको?”

जासिराने मान हलवली. हो म्हणून.

झेनाइदेने सुरीच्या पात्याने दोन्ही ढीग एकमेकांत दाबले, पसरले, पुन्हा गोळा केले, आजी पिठाचा गोळा मळते तसे सावकाश. मग बशीवर मधोमध रेघ ओढली आणि अर्धं अर्धं डब्यांत भरलं. झाकणं लावताना तिने नंबर नीट बघून लावले.

“डॉक्टरांना कळलं तर?”

“तू सांगितलंस तर कळेल,” झेनाइदे म्हणाली, आणि फ्रिजचं दार गुडघ्याने लोटलं.

पुढच्या गुरुवारी नव्या डब्या मिळाल्या, त्याही तशाच मिसळल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

चौथा आठवडा भरला त्या दिवशी नर्सबाई दोना मार्लूसी मोएमाच्या गालाला छोटी मोजपट्टी लावून मोजत होत्या. मोजून झालं, त्यांनी कार्डावर लिहिलं, पुन्हा गालाला मोजपट्टी लावली आणि पुन्हा मोजलं.

“कमी झालीये,” त्या म्हणाल्या.

“किती?”

“थोडी. पण काठ बसलाय बघ. डोंगर होता त्याची टेकडी झालीये.”

जासिराने बघितलं नाही. घरी येऊन, बेन्तोला झोपवून, मोएमाला दारातल्या उजेडात उभं करून मग बघितलं. काठ खरंच बसला होता. लाल खळग्याच्या कडेने गुलाबी, ओलसर, नखाएवढी रुंद नवी कातडी आत सरकत होती. तिने मोएमाला सोडलं, परत जवळ ओढलं, परत बघितलं.

“आई, मी हिरवी झाले का?”

“नाही गं.”

“रायानी म्हणाली होती होईन.” मोएमाला वाईट वाटलेलं दिसलं.

त्या दिवसापासून जासिराला झोप लागू लागली. आणि त्याच दिवसापासून दुसरं काहीतरी टोचू लागलं. ते नेमकं काय आहे हे तिला पाचव्या आठवड्याच्या शेवटी कळलं.

आरोग्य केंद्राच्या बाहेर एकच बाक होता, आणि त्यावर दर गुरुवारी सेउ ओतावियो बसलेला असे. जन्मभर कोकोची फळं तोडलेला म्हातारा, म्हणून नावाआधी मानाचं सेउ. त्याची रानजखम हातावरून बरी होऊन, दहा वर्षं गप्प राहून, मग नाकाच्या आत उगवली होती. इंजेक्शनं दोनदा घेऊन झाली होती, तिसऱ्यांदा त्याचं हृदय नको म्हणत होतं. आतली जखम आणि वय, दोन्हींमुळे प्रयोगात त्याला घेतलं नव्हतं. तरी तो यायचा. कॉफी मिळते म्हणून, असं सांगायचा.

“ये, ये,” त्याने बाकावर जागा केली. “तुझी कोमाद्री सकाळीच येऊन गेली. पोरीची फुटबॉलची मॅच होती म्हणे. पाय असा आणि मॅच खेळते.”

“ती पाय कापला तरी खेळेल.”

“आणि ही सुंदरी?” त्याने मोएमाची हनुवटी वर केली. पट्टी आता लहान झाली होती, कडेची कातडी दिसत होती. तो बराच वेळ बघत राहिला. “औषधाची डबी निघाली वाटतं तुझी.”

“माहीत नाही, सेउ ओतावियो. कुणालाच माहीत नसतं.”

“मला माहीत आहे. डोळे आहेत ना, नाकाचं काय व्हायचं ते होवो.” तो हसला, हसताना हवा शीळ घातल्यासारखी बाहेर आली. “बरंय, कोकोच्या आंबलेल्या बियांचा वास तरी यायचा नाही. डॉक्टर म्हणतात, ही मोजणी चांगली निघाली तर नाकाच्या आत लावायचंही काढतील. मग मी. म्हणून मी इथे बसून तुमच्या पोरांच्या जखमा मोजतो. या नर्सबाईपेक्षा माझा हिशेब पक्का आहे. तुझ्या लेकीचा आकडा माझ्या नाकाच्या कामाचा आहे, काय समजलीस?”

जासिरा हो म्हणाली. बेन्तोने तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती, ती तिने सोडवली. पुन्हा त्याने घातली. पुन्हा सोडवली.

आठवड्याभरापूर्वी ती झेनाइदेला म्हणाली होती, सांगून टाकू या का. झेनाइदे वळचणीखाली कपडे वाळत घालत होती. “सांगायचं तर सांग,” ती चिमट्यांच्या आडून म्हणाली होती, “माझंही नाव घाल. पण शेवटची डबी हातात पडू दे. एक आठवडा आणखी, कोमाद्री. आत्ता हाकललं तर अर्धवट भरलेला गाल घेऊन जाशील राजधानीला.” ते बरोबरच होतं. आजची डबी शेवटची. ती घ्यायची, घरी जायचं, आठवडा काढायचा, मग सांगायचं. किंवा तेव्हाही नाही सांगायचं.

आतून दोना मार्लूसीने हाक मारली.

डॉक्टर आन्सेल्मो टेबलाशी बसून मागचे कागद चाळत होते. शहरातून जीपने येताना त्यांच्या शर्टाची पाठ नेहमी ओली होई आणि खुर्चीवर तिचा डाग उमटे. मार्लूसीबाईंनी पट्टी काढली, मोजलं, फोटो घेतला. मग कपाटातून एकतीस नंबरची डबी काढून टेबलावर ठेवली. जासिराने डबीकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

“आम्ही मिसळलं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

“मलम. माझ्या कोमाद्रीने आणि मी. दोन्ही डब्या एकत्र करून अर्धं अर्धं करतो. दोन आठवडे झाल्यापासून, दर गुरुवारी.” तिचा आवाज नीट निघत होता, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. “झेनाइदेला बोलू नका. मी हो म्हणाले म्हणून तिने केलं.”

मार्लूसीबाई खाली बघत म्हणाल्या, “तरीच.”

डॉक्टरांनी पेन बंद केलं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मोएमा खुर्चीवरून पाय हलवत होती, चप्पल एकदा फरशीला, एकदा खुर्चीला.

“चूक माझीही आहे,” शेवटी ते म्हणाले. “एका फ्रिजमध्ये दोन डब्या, आणि दोघी कोमाद्री. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. हे मला सुचायला हवं होतं.” मग थांबून, “तुम्हाला कल्पना आहे का, काय होणार होतं ते? समजा, मोएमाच्या डबीत औषध नाहीच. तरी तिचा गाल भरला. तर कागद काय सांगणार? की नुसत्या पांढऱ्या मलमानेही जखम भरते. म्हणजे औषधात काही राम नाही.”

“म्हणून सांगितलं,” जासिरा म्हणाली. बाहेर बाकावर कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला, शिटीसारखा. “आता काय करणार?”

“दोघींची नावं मोजणीतून काढावी लागतील. कारण लिहावं लागेल. शहरातून मला चार फोन येतील.”

“आणि हिचं?”

“हिचं काय?”

“इस्पितळ,” ती म्हणाली.

डॉक्टर उठले. टेबलाच्या या बाजूला येऊन मोएमासमोर बसले, तिचं तोंड खिडकीकडे वळवलं, अंगठ्याने गाल हलकेच ताणला. “डोळा मीट. दुसरा. फुग्यासारखा गाल फुगव.” मोएमाने फुगवला. नवी कातडी ताणली गेली, चिरली नाही.

“या गालाला इस्पितळात पाठवलं तर तिथले डॉक्टर मला हसतील,” ते म्हणाले. “टेबलाच्या खणात तिचं पत्र तयार होतं, दोन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं. मार्लूसी, ते काढून फाडून टाका. आणि डबी घेऊन जा, जासिरा. मोजणी थांबवायची आहे, औषध नाही.”

जासिराने डबी उचलली. गार होती. ती तिने बेन्तोच्या झबल्याच्या खिशात टाकली, तिथे काही टाकायची तिला सवय नव्हती, पुन्हा काढून पिशवीत ठेवली. मग नसलेला पदर शोधावा तसा तिचा हात गळ्याशी गेला, आणि तिने बेन्तोच्या टाळूवर तोंड टेकवलं. तो हिसका देऊन मागे सरला. मार्लूसीबाईंनी पत्राचे चार तुकडे केले आणि मोएमाच्या हातात दिले, खेळायला.

“दोन्ही कार्डं काढा,” डॉक्टर मार्लूसीबाईंना म्हणाले. “मिसळणं कुठल्या तारखेला सुरू झालं ते फोटोवर खूण करून पाठवू.”

कार्डं टेबलावर शेजारी शेजारी पडली. प्रत्येकावर दर गुरुवारचा एक फोटो, बाजूला मोजपट्टी धरून काढलेला. मोएमाचे जासिराला पाठच होते: पहिला, खळगा, दुसरा, खळगा, तिसरा, खळगाच. काठ कोरडा वगैरे काही नव्हता, तिला हवा होता म्हणून दिसला होता. नंतर हळूहळू गुलाबी.

रायानीचे तिने आत्ताच पहिल्यांदा बघितले. पहिल्या फोटोत नडगीवर मोठ्या नाण्याएवढा खड्डा. दुसऱ्यात लहान. तिसऱ्यात, दोन आठवडे झाल्या दिवशीच्या फोटोत, सगळीकडून कातडी चालून आलेली आणि मधे वाटाण्याएवढी जागा उरलेली. तारीख खाली स्पष्ट लिहिली होती. त्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

चौथा फोटो जवळपास तसाच. पाचवाही. सहाव्यात किंचित लहान.

“मी विचारच करत होते,” मार्लूसीबाई पुटपुटल्या, “ही पोर बरी होण्यात एवढी पळत सुटली होती, मधेच चालायला का लागली.”

डॉक्टर कार्डांवर लाल पेनाने खुणा करत होते. जासिराने रायानीच्या कार्डाकडे पुन्हा एकदा बघितलं. वाटाणा. त्या सकाळी पट्टी बांधण्याआधी झेनाइदे याच खोलीत, याच खुर्चीशेजारी उभी असणार. तिने हे बघितलं असणार.

“हे कसं झालं असेल, डॉक्टर?” तिने विचारलं.

“पाकिटं बंद आहेत. मी काही म्हणू शकत नाही.” त्यांनी वर न बघता पान उलटलं. “पुढच्या गुरुवारी दोघी बरोबर या. मला ओरडायचं आहे. एकदाच ओरडेन, दोघींना पुरेल.”

परतताना जासिरा कोकोच्या वाळवणीच्या ओट्यांवरून न जाता लांबच्या वाटेने गेली. मोएमा पुढे पळत होती, कागदाचे चार तुकडे उडवून पकडत होती. एक तुकडा ओहोळात पडला तेव्हा ती वाकून त्याच्यामागे काठाने चालत राहिली, तो दगडाला अडकेपर्यंत. जासिरा तिला ओरडली नाही. आपण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कशाची घाई न करता चालतोय, हे तिच्या लक्षात आलं. बेन्तो खांद्यावर झोपला होता. त्याचं वजन तिला आवडत होतं.

झेनाइदे अंगणात राजम्याच्या शेंगा सोलत होती. जासिराला बघून तिने पाटी बाजूला केली.

“सांगून आलीस,” ती म्हणाली. विचारलं नाही.

“हो.”

“डबी?”

“दिली. इस्पितळ नाही. पत्र फाडलं माझ्यासमोर.”

झेनाइदेने एक शेंग उघडली, दाणे न काढता तशीच पाटीत टाकली. दुसरी उघडली, तीही तशीच टाकली. मग उठून मोएमाला जवळ घेतलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून बघितला आणि कपाळाचा मुका घेतला.

“चेटकिणी,” ती तिला म्हणाली. “सगळ्या गावाला पळवलंस.” मग जासिराकडे वळून, “किती ओरडला?”

“पुढच्या गुरुवारी ओरडणार आहे. तुलाही बोलावलंय.”

“मी येते. माझं चुकलंच कुठे पण?”

जासिरा तिच्याकडे बघत राहिली. झेनाइदेने तिची नजर पाहिली, आणि पाटीत हात घालून उगाचच शेंगा वरखाली केल्या.

“त्यांनी दोन्ही कार्डं काढली होती,” जासिरा म्हणाली. “फोटोंची.”

“बरं.”

“कोमाद्री, त्या दिवशी तू मला म्हणालीस, रायानीचं आहे तिथेच आहे...”

“त्या दिवशी मी पुष्कळ काय काय म्हणाले असेन. डाळ जळत होती त्या दिवशी.” झेनाइदे मागे न बघता घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, लागोपाठ, गरजेपेक्षा जास्त. “कॉफी घेणार का?” तिने आतूनच विचारलं.

जासिरा उत्तर देणार तेवढ्यात कुंपणाचं फाटक आपटलं आणि रायानी आली. मॅच हरून आली होती हे चालण्यावरूनच कळत होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, पट्टीही चिखलाची. जासिराला बघून ती पायरीवर धपकन बसली.

“आई कुठेय? ती मारेल मला.”

“नाही मारणार. पाय पुढे कर.”

जासिराने झोपलेल्या बेन्तोला चटईवर ठेवलं, अंगणातल्या नळाखाली तांब्या भरला आणि रायानीच्या समोर जमिनीवर बसली. पट्टी सोडली. वाटाणा आता मसुराएवढा झाला होता, वर पातळ खपली. आजूबाजूची कातडी नवी, चकचकीत, चिखलाचे शिंतोडे उडालेली. तिने पाणी टाचेपासून ओतायला सुरुवात केली. बोटांच्या बेचक्यांतली माती काढली, घोटा धुतला, पोटरी धुतली, आणि जखमेपाशी आल्यावर तांब्या खाली ठेवून ओल्या बोटाने, कडेकडेने, एकेक शिंतोडा टिपला.

“गुदगुल्या होतात,” रायानी म्हणाली.

“होऊ देत.”

झेनाइदे कॉफीचे दोन पेले घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. जासिराने मान वर केली नाही. आपल्या घागऱ्याची कोरडी कड तिने हातात घेतली, रायानीचा पाय मांडीवर घेतला आणि पुसू लागली.

“असले लाड करू नकोस तिचे,” झेनाइदे जरा वेळाने म्हणाली. “रोज मागेल. मला नाही वेळ.”

“मला आहे,” जासिरा म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे करायला सांगितला.